वसंतात उमटणारी खूण : पेलाग्रा रोगाच्या ओळखीचा इतिहास

श्रोतेहो, वसंत ऋतू म्हणजे आंब्याचा मोहोर, कोकिळेचा स्वर आणि या व्याख्यानमालेची आरास, अशी आपली गोड कल्पना आहे. परंतु जगाच्या पाठीवर असेही प्रदेश होऊन गेले की जेथे वसंत आला म्हणजे गोरगरिबांच्या पोटात धस्स होई. थंडीचे दिवस कसेबसे काढावेत, शेताची कामे सुरू व्हावीत, अंगावर ऊन पडू लागावे, आणि हातांच्या पाठीवर एक लालसर चट्टा उमटावा! मागील वर्षीही तो याच सुमारास आला होता. पावसाळ्याच्या अखेरीस ओसरला होता. आता पुन्हा आला. एखाद्या सावकाराने वर्षाच्या वर्षाला दारात उभे राहावे, तसा हा रोग नेमाने येई. त्याचे नाव पेलाग्रा. मराठीत त्यासाठी वल्कचर्म असाही शब्द योजलेला आढळतो. झाडाच्या सालीसारखी झालेली कातडी, असा त्याचा अर्थ. आणि तो अगदी चपखल आहे.

आजच्या विषयासाठी मी हा रोग निवडला, त्याला कारण आहे. जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगांत याच्याइतकी स्पष्ट खूण क्वचितच दुसऱ्याची असेल. ती खूण इ. स. १७३५ मध्ये एका वैद्याने ओळखली आणि पुढे तिचे नेमके वर्णन लिहून ठेवले. मात्र त्या खुणेचा अर्थ लागावयास पावणेदोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. दिसणे आणि समजणे यांत एवढे अंतर का पडावे? हाच या इतिहासाचा खरा प्रश्न आहे.

स्पेनच्या उत्तरेस अस्तुरिआस नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील ओव्हिएदो शहरी गास्पार कासाल नावाचे वैद्य होते. डोंगरातील शेतकऱ्यांत त्यांना एक विलक्षण रोग दिसला. लोक त्याला गुलाबाचा रोग म्हणत. नाव किती सुंदर आणि रोग किती भयंकर! हातापायांवर गुलाबी-तांबडे चट्टे पडत, पुढे ते काळवंडून खरखरीत होत, त्यांना भेगा जात. गळ्याभोवती हार घातल्याप्रमाणे एक पट्टा उमटे. वैद्यकाच्या ग्रंथांत तो आजही ‘कासालची कंठी’ म्हणूनच ओळखला जातो. रोगी खिन्न होई, विनाकारण रडे, कधी भ्रमिष्ट होऊन रानोमाळ भटके. कासाल यांच्या लक्षात आणखी दोन गोष्टी आल्या. एक, हा रोग वसंतात उचल खातो. दुसरी, हे सारे रोगी अत्यंत दरिद्री असून त्यांचे मुख्य अन्न मका आहे. मांस त्यांच्या मुखी क्वचितच पडते. दूध आणि चीज द्यावे, आहार बदलावा, असे त्यांचे मत होते. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे उत्तराचा निम्मा भाग पहिल्याच माणसाच्या हाती लागला होता! तथापि तो हाती लागूनही जगाच्या हातून निसटला.

मका हे धान्य युरोपचे नव्हे. कोलंबसानंतर ते अमेरिकेतून आले. ते भरघोस पिकते, स्वस्त पडते, आणि म्हणून गरिबाच्या घरात त्याने इतर धान्यांना हुसकावून लावले. उत्तर इटलीत मक्याच्या पिठाची पेज शिजवून तिचा गोळा करीत आणि तीन त्रिकाळ तोच खात. त्याच भागात हा रोग फोफावला. मिलानचे वैद्य फ्रापोल्ली यांनी १७७१ मध्ये त्याला पेलाग्रा हे नाव दिले; खरखरीत कातडी एवढाच त्याचा अर्थ. पुढील शंभर वर्षांत इटलीत हा रोग इतका माजला की १८८१ च्या गणनेत रोग्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. वेड्यांची इस्पितळे अशा रोग्यांनी भरून गेली होती.

मग विद्वानांचे वाद सुरू झाले. चेझारे लोंब्रोझो यांच्यासारख्या नामांकित माणसाने सांगितले की मका बुरसला म्हणजे त्यात विष उत्पन्न होते आणि त्या विषाची ही बाधा आहे. अनेकांना ते पटले. सडक्या मक्यावर बंदी घालणारे कायदे झाले. कोणी म्हणाले हा रोग संसर्गाचा आहे. कोणी म्हणाले आनुवंशिक आहे. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही : ज्या मेक्सिकोतून मका आला, तेथील लोक हजारो वर्षे मका खात आहेत, त्यांना हा रोग का होत नाही?

त्याचे उत्तर तेथील बायकांच्या चुलीजवळ होते. मेक्सिकोतील गृहिणी मका चुन्याच्या पाण्यात शिजवते, रात्रभर तसाच ठेवते, सकाळी धुऊन पाट्यावर वाटते आणि मग त्याच्या भाकरी थापते. मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व दाण्यात असे काही जखडलेले असते की आतड्याला ते सुटे करून घेता येत नाही. चुना ते मोकळे करतो. ही रसायनविद्या त्या बायकांना कोणी शिकविली नव्हती. पिढ्यान् पिढ्यांचा तो अनुभव होता. युरोपने दाणा उचलला. तो शिजविण्याची रीत मात्र मागेच राहिली. परक्याची वस्तू घ्यावी आणि तिच्यामागचे शहाणपण अडाणीपणा म्हणून सोडून द्यावे, याची फळे कशी असतात त्याचे हे ठळक उदाहरण होय.

आता आपण अमेरिकेकडे वळू. १९०६ साली अलाबामा राज्यात, माउंट व्हर्नन येथील काळ्या लोकांसाठी असलेल्या वेड्यांच्या इस्पितळात या रोगाची साथ आली. डॉ. जॉर्ज सर्सी यांनी पुढील वर्षी तिची हकीकत प्रसिद्ध केली. ८८ रोगी आणि त्यांपैकी ५७ मृत्यू! पाहता पाहता दक्षिणेकडील राज्यांतून अशाच बातम्या येऊ लागल्या. हा सारा कापसाचा मुलूख. झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस पेरलेला. भाजीपाल्याला वावभर जागा नाही. कूळ दुकानदाराकडून उधारीवर जिन्नस आणी, आणि ते जिन्नस तीनच : मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराच्या पाठीवरची खारवलेली चरबी. गिरण्यांच्या वस्त्यांतही तोच प्रकार. पोट भरे, पण शरीराचे पोषण होत नसे. पुढे १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत या रोगाने सुमारे एक लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज केला जातो.

एवढा अनर्थ चालू असता शास्त्रज्ञ काय सांगत होते? १९१२ साली नेमलेल्या एका मंडळाने गावोगाव हिंडून निष्कर्ष काढला की हा रोग संसर्गजन्य दिसतो आणि घाणीशी त्याचा संबंध आहे. परिणाम असा झाला की रोगी अस्पृश्य ठरला. लोक त्याच्यापासून चार हात दूर राहू लागले. भूक हे ज्याचे दुखणे, त्यालाच ‘तू गलिच्छ आहेस’ असे सांगण्यात आले. मित्रहो, निदान चुकले म्हणजे औषध चुकते, एवढेच नाही. निदान चुकले म्हणजे न्यायही चुकतो.

१९१४ साली अमेरिकन सरकारच्या आरोग्य खात्याने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर पाठविले. हे मूळचे मध्य युरोपातील एका लहान गावचे ज्यू कुटुंबातील. लहानपणी आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आलेले. पीतज्वर, डेंगू, टायफस या रोगांशी त्यांनी झुंज दिली होती आणि तिन्ही रोग स्वतः भोगलेही होते. संसर्ग म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते. म्हणूनच इस्पितळे आणि अनाथाश्रम पाहत हिंडताना त्यांच्या नजरेस एक साधी गोष्ट आली. रोगी आजारी पडतात. त्यांच्या उशापायथ्याशी रात्रंदिवस वावरणाऱ्या परिचारिका आणि नोकर मात्र कधीच आजारी पडत नाहीत. हा कसला संसर्ग, जो पगारी माणसाला ओळखतो आणि त्याला वगळून जातो?

आजवर प्रत्येकजण रोग कोणाला होतो हे पाहत होता. गोल्डबर्गरनी रोग कोणाला होत नाही हे पाहिले.

मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे दोन अनाथाश्रम होते. १९१४ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात तेथील दोनशेहून अधिक मुलांना हा रोग झाला. परंतु सहा वर्षांखालील मुले बहुधा सुटली होती आणि बारा वर्षांवरचीही. का? तान्ह्यांना दूध मिळे. मोठी मुले कामाची, म्हणून त्यांना थोडे अधिक आणि चांगले अन्न मिळे. मधली मुले ना लहान ना उपयोगाची. त्यांच्या ताटात मक्याची पेज, भाकरी आणि काकवी. गोल्डबर्गरनी सरकारी पैशाने दूध, अंडी, ताजे मांस, वाल-वाटाणे सुरू केले. इमारत तीच, बिछाने तेच, घाण असेल तर तीही तीच. दुसरा वसंत आला. वर्षभर देखरेखीखाली राहिलेल्या १७२ जुन्या रोग्यांपैकी अवघ्या एकाला पुन्हा रोग झाला. नव्याने तर कोणालाच झाला नाही.

टीकाकारांचे समाधान झाले नाही. मग १९१५ साली त्याच राज्यातील रँकिन तुरुंगाच्या शेतावर उलटा प्रयोग झाला. गव्हर्नर अर्ल ब्रूअर यांनी माफीचे आश्वासन दिले आणि बारा निरोगी कैदी पुढे आले. एकाला पुढे दुसऱ्या दुखण्यामुळे वगळावे लागले. उरलेल्या अकरांना मैदा, मका, तांदूळ, रताळी, कोबी, काकवी असा आहार पोटभर दिला. सुमारे पाच महिन्यांनी खुणा दिसू लागल्या आणि अकरापैकी सहा जणांच्या कातडीवर पेलाग्रा उमटला. बंदिवानाची संमती ही कितपत खरी संमती, हा प्रश्न आज आपण विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही.

तरीही संसर्गवादी मागे हटेनात. तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गरनी शेवटचा डाव टाकला, आणि तो स्वतःच्या देहावर टाकला. रोग्यांचे रक्त त्यांनी आपल्या अंगात टोचून घेतले. रोग्यांच्या कातडीच्या खपल्या, मूत्र आणि विष्ठा पिठात मिसळून त्यांच्या गोळ्या गिळल्या. एकूण सोळा जण या प्रयोगात सामील झाले. त्यांत त्यांची पत्नी मेरी याही होत्या, त्यांनीही रक्त टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. भगीरथाने गंगा आणली, शंकराने हलाहल पचविले, या कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. येथे एका माणसाने लोकांच्या मनातील एक भीती नाहीशी व्हावी म्हणून जे गिळले, त्याचीही आठवण राहावी.

परंतु माझ्या मते यापुढचे काम याहूनही मोलाचे आहे. ते तितकेसे नाट्यमय नाही, म्हणून कमी सांगितले जाते. एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन गोल्डबर्गर साउथ कॅरोलायनातील सात गिरणी-गावांत गेले. घराघरांत वरचेवर जाऊन रोगी नोंदविले. येथे खूण ओळखण्याचा नियम त्यांनी कडक ठेवला : चट्टा शरीराच्या दोन्ही बाजूंस सारखा असेल आणि त्याची कड स्पष्ट असेल, तरच तो पेलाग्रा धरावयाचा. मग घरात महिन्याला पैसे किती येतात, दूध किती येते, ताजे मांस किती येते, याचा हिशेब मांडला. जसजसे उत्पन्न कमी, तसतसे रोगी अधिक. ज्या गावाला ताज्या मांसाचा बाजार होता, तेथे रोग नव्हता. आणि एक बाब आपण कान देऊन ऐकावी : तरुण वयातील स्त्रियांत हा रोग पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक होता. घरातील दूध मुलांना, मांसाचा तुकडा कामावर जाणाऱ्या नवऱ्याला, आणि उरलेसुरले तिला. हे ऐकताना आपल्याला साउथ कॅरोलायना फार दूरचे वाटते काय?

पण निदान झाले म्हणजे ते सर्वांना रुचतेच असे नाही. १९२१ साली कापसाचे भाव कोसळले आणि रोग वाढणार असा इशारा मिळाला, तेव्हा अध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेला मदत करण्याची भाषा काढली. त्यावर दक्षिणेतील पुढारीच खवळले. आमच्या प्रांतात दुष्काळ आहे, उपासमार आहे, असे म्हणणे ही आमची बदनामी आहे! प्रतिष्ठा वाचली, माणसे मरत राहिली.

गोल्डबर्गर उपाय शोधीत राहिले. मानवाच्या पेलाग्रासारखा कुत्र्यांना एक रोग होतो, त्यात जीभ काळी पडते. त्यावरील प्रयोगांतून त्यांना आढळले की बिअर तयार करण्याच्या कामी येणाऱ्या यीस्टमध्ये रोगनाशक द्रव्य भरपूर आहे आणि ते अत्यंत स्वस्त आहे. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, तेव्हा रेड क्रॉसने पूरग्रस्तांना यीस्ट वाटले. मात्र ते द्रव्य नेमके कोणते, हे कळण्यापूर्वीच, १७ जानेवारी १९२९ रोजी, गोल्डबर्गर कर्करोगाने वारले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्वेहेम यांनी ते ओळखले : निकोटिनिक आम्ल, म्हणजेच आपण ज्याला नायसिन किंवा ब-३ जीवनसत्त्व म्हणतो ते. गंमत अशी की हे आम्ल रसायनशास्त्रज्ञांच्या कपाटात कित्येक दशके पडून होते. १९१२ च्या सुमारास कासिमिर फुंक यांनी ते तांदळाच्या कोंड्यातून वेगळेही काढले होते. पण ते बेरीबेरीवर चालेना, म्हणून बाजूला राहिले. पुढे १९४५ मध्ये असेही दिसून आले की प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर स्वतःच नायसिन बनविते. साधारण साठ भागांतून एक भाग. दुधात नायसिन बेताचेच असूनही दूध हा रोग का बरा करते, या कोड्याचा तेव्हा उलगडा झाला.

इथवरची कथा मक्याची. पण श्रोतेहो, दख्खनच्या पठारावर मका हे कधी मुख्य अन्न नव्हते, येथे ज्वारी. आणि पेलाग्रा येथेही होता! हैदराबादच्या आसपासच्या ज्वारी खाणाऱ्या दरिद्री लोकांत तो आढळला. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नाही. मग हा रोग का? हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतय्या यांनी १९६० मध्ये असे मत मांडले की ज्वारीत ल्युसिन नावाचे द्रव्य फार आहे आणि ते नायसिनच्या निर्मितीत व उपयोगात अडथळा आणीत असावे. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले. सर्वांनीच ते मान्य केले असे नाही. परंतु एका गोष्टीवर दुमत नाही : हा रोग ज्वारी खाणाऱ्या प्रत्येकाला होत नसे, ज्वारीखेरीज ज्याच्या ताटात फारसे काही नव्हते, त्याला होत असे.

आता या खुणा एकदा नीट सांगतो. ऐकून घरी न्याव्यात अशा त्या आहेत. ऊन लागते तेथेच चट्टा येतो : हातांच्या पाठी, पावलांचा वरचा भाग, मान, चेहरा. दोन्ही बाजूंस तो सारखा असतो. आरंभी उन्हाने भाजल्यासारखा लाल, मग काळपट, जाड, सोलणारा. आणि हातमोजा घातल्याप्रमाणे त्याची कड ठळक असते. जीभ लाल होऊन सोलवटते. हगवण लागते. झोप जाते, चिडचिड होते, मन उदास होते, पुढे बुद्धिभ्रंश होतो. आणि उपचार न झाल्यास मृत्यू. ही सारी लक्षणे एकदमच येतील असे नाही. कधी मनाचीच आधी येतात. जुनाट मद्यपी, आतड्याच्या विकाराने अन्न न पचणारे, क्षयावरील आयसोनायझिड हे औषध घेणारे अशक्त रोगी यांत हा रोग अजूनही दिसू शकतो. उन्हाचा चट्टा म्हणून मलम चोळीत बसण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. योग्य औषध मिळाले तर जीभ आणि पोट काही दिवसांतच सुधारतात, कातडीला काही आठवडे लागतात.

हा रोग इतिहासजमा झाला असे समजून स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. मोझांबिकमधील यादवीमुळे परागंदा झालेले लोक मलावीत निर्वासितांच्या छावण्यांत राहत होते. त्यांना शिध्यात मका आणि शेंगदाणे मिळत. शेंगदाण्यांचा पुरवठा खंडित झाला, आणि १९९० साली तेथे अठरा हजारांहून अधिक लोकांना पेलाग्रा झाला. रोगाचे कारण तोवर अर्धशतकापूर्वीच कळले होते. औषध पैशापासरी होते. एक मूठ शेंगदाणे मात्र वेळेवर पोचले नाहीत.

त्या मुठीची किंमत आपल्याला वेगळी सांगावयास नको. ज्वारीची भाकरी, तिच्यासोबत पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर ताक : या ताटात गोल्डबर्गरांचे सारे शास्त्र आहे. दाण्यांत नायसिन आहे, डाळीच्या पिठात आणि ताकात ट्रिप्टोफॅन आहे. हे ताट साधे असेल, पण ते पूर्ण आहे. त्यातील भाकरीखेरीज एकेक जिन्नस महागाईने, दुष्काळाने किंवा घरातील वाटणीने कमी होत गेला की रोगाला वाट मोकळी होते. चट्टा उमटतो तो शेवटी. त्याच्या आधी कित्येक महिने खूण ताटात उमटलेली असते, आणि ती ओळखण्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. आपल्या घरी सर्वांच्या मागून जेवावयास बसणाऱ्या माणसाच्या ताटाकडे एकवार पाहावे लागते, एवढेच.